कुसळ्या माळाची खाणारी तोंडं

बायडाबाई खताळच्या एकशे बारा मेंढ्या भर दुपारी एका रेघेवर येऊन अडल्या होत्या, आणि ती रेघ कुणाच्याच डोळ्यांना दिसत नव्हती.

रेघेच्या अलीकडे माळ पार खरवडून निघाला होता. नुसती खडी आणि खुरांनी उडालेली धूळ. पलीकडे गवत मांडीला लागेल एवढं उभं होतं, चार वर्षांत कुणी तोंड न लावल्यामुळे पिवळं पडून बुडाशी कुजत चाललेलं. एखादी मेंढी धीर करून पुढे सरकायची. तिच्या गळ्यातला पट्टा आधी बारीक सुरात वाजायचा, मग मोठ्याने, आणि तरीही ती हटली नाही तर तिला झटका बसायचा. झटका आता क्वचितच लागायचा. सूर ऐकला की मेंढ्या आपणहून मागे फिरायच्या.

“सरक की भवाने! डोळं फुटलं का तुजं? समोर गवात हाय!” असं म्हणत बायडाबाईने एका मेंढीला दोन्ही हातांनी पुढे रेटलं. पट्टा वाजला, झटका बसला, मेंढी उसळली आणि तिचं टाळकं बायडाबाईच्या हनुवटीवर आदळलं. जीभ दाताखाली आली. बायडाबाई तिथेच खडीवर बसली, तोंडातलं रक्त थुंकली आणि कमरेचा फोन काढून पोटच्या पोरीला शिव्या द्यायला सुरुवात केली.

पोरगी म्हणजे शीतल. धनगराच्या तळावर, घोंगड्यात गुंडाळून घोड्यावर बसून वाढलेली, पुढे शिकून माळरान मंडळात नियोजक झालेली. ज्या ‘राखण’ने बायडाबाईच्या मेंढ्या अडवल्या होत्या, तिची आखणी शीतलनेच केली होती.

‘राखण’ समजायला अवघड नव्हती. उपग्रह दर तीन दिवसांनी माळाकडे बघायचा आणि कुठे किती गवत आहे ते सांगायचा. मंडळाच्या संगणकाकडे माळावरच्या सगळ्या खाणाऱ्या तोंडांची यादी होती: मेंढ्या, शेळ्या, काळविटं, ससे. कुणाला दिवसाला किती लागतं आणि कोणता तुकडा किती दिवस मोकळा सोडला म्हणजे पुन्हा फुटतो, हे जुळवून तो रोज पहाटे माळावर रेघा आखायचा आणि त्या मेंढ्यांच्या पट्ट्यांना कळवायचा. कुंपण नको, तारा नकोत. इथवर कुणाचीच तक्रार नव्हती. पहिल्याच वर्षी मारवेल गवत परत आलं तेव्हा बायडाबाईने तळावर येईल त्याला पोरीचं कौतुक ऐकवलं होतं.

पण यादी आणखी एक होती, धोक्यांची. तिच्यात कुसळ्या माळावरचे पाच लांडगे होते. त्यांच्याही गळ्यात पट्टे होते. लांडगा कळपाच्या दिशेने निघाला की रेघ आपोआप सरकायची आणि मेंढ्या वाजत वाजत दूर जायच्या. लांडगे जिथे राहायचे तो माळाचा पोटातला भाग तर मेंढ्यांना कायमचा बंद झाला. चार वर्षांत लांडग्याने एकही मेंढी नेली नाही. मंडळाच्या भिंतीवर तसा फलक लागला होता, मोठ्या हिरव्या अक्षरांत.

“आये, मेंढरं रेटू नगंस,” फोनवर शीतल म्हणाली. “पलीकडं लांडगीण हाय. साडेतीनशे मीटरवर. मला हितनं दिसतीया.”

“मला डोळं न्हाईत व्हय?”

लांडगीण खरोखरच समोर होती. कानतुटी. चार पावसाळ्यांपूर्वी तरसाशी भांडताना तिचा डावा कान गेला, तेव्हापासून बायडाबाई तिला ओळखत होती. दिवसाढवळ्या लांडगा असा उघड्यावर बसत नाही. ही मात्र बसली होती. तिच्या बरगड्या मोजून घ्याव्यात. पोटाखाली सडं लोंबत होती, म्हणजे घळीत पिल्लं होती. ती मेंढ्यांकडे बघत होती आणि मेंढ्या तिच्या पलीकडच्या गवताकडे. मग ती उठून दोन पावलं पुढे आली. त्याबरोबर एकशे बारा पट्टे एकदम वाजले आणि मेंढ्यांची सगळी खांड बायडाबाईच्या अंगावरून खालच्या खडीकडे पळाली.

कानतुटी पुन्हा बसली. पाठलागाचं बळही तिच्यात उरलं नसावं.

बायडाबाईला संताप आला. आयुष्यभर जिला दगड मारले तिच्यावर तो नव्हता, आणि तो कुणावर काढावा हे तिला समजेना. ती उठली आणि फोन तसाच चालू ठेवून मेंढ्यांच्या मागे धावली.

चार दिवसांनी भोरकडी गावात व्हायचं ते झालं. सकाळी नऊच्या सुमाराला एक लांडगा गावात शिरला आणि दत्तू गिरणीवाल्याच्या खुराड्यातली कोंबडी ओढू लागला. दत्तूने खोरं उगारलं. लांडग्याने त्याची पोटरी फोडली. लांडगा माणसावर उलटला, अशी गोष्ट त्या गावात कुणाच्या आज्याने ऐकली नव्हती. दुपारपर्यंत मंडळाची नोटीस आली. पाचही लांडगे आणि पिल्लं पिंजऱ्यांत धरून लांबच्या बंदिस्त उद्यानात नेणार. गुरुवारी पंचायतीत सुनावणी, शुक्रवारी पिंजरे.

नोटीस वाचून दाखवायला म्हाळू नाना तळावर आला. नाना म्हणजे माळावरच्या एक्केचाळीस मेंढक कुटुंबांत सगळ्यांत थोरला. त्याने कागद घडी घालून बंडीत ठेवला.

“ह्यो माळ लांडग्याच्या नावावर राखीव हाय, बायडे,” तो म्हणाला. “लांडगा गेला की राखीवपना गेला. सौर कंपनीची मानसं दोनदा मोजनी करून गेल्याती. काचा मांडल्या की मेंढरं काय काच चाटत्याल?”

त्या संध्याकाळी शीतल जीप घेऊन तळावर आली, दिवेलागणीला. बायडाबाई मेंढ्यांभोवती वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, बांधत होती. तिने लेकीला बसही म्हटलं नाही.

“उपाशी मारलंस त्यास्नी,” ती म्हणाली.

“उपाशी कसं मारंन मी? आये, तीन वर्सं अभ्यास करून बसवलंय त्ये. माळावर काळविटं हायती, ससं हायती. त्यावरच जगत हुतं लांडगं. मेंढरं त्यांच्या खान्यात नव्हतीच, तर ती लांब ठेवल्यानं—”

“नव्हती?” बायडाबाईच्या हातातली वाघर सुटली. “मेंढरं लांडग्याच्या खान्यात नव्हती? कुनी सांगितलं तुला?”

शीतलने जीपमधून संगणक आणला, चुलीशेजारी दगडावर ठेवला आणि एक जुना कागद पडद्यावर काढला. सात वर्षांपूर्वीची पाहणी. प्रश्न होता: गेल्या तीन वर्षांत लांडग्याने तुमची किती जनावरं नेली? एक्केचाळीस कुटुंबं आणि एक्केचाळीस शून्यं. अकराव्या ओळीत बायडाबाईची वाकडीतिकडी सही होती.

“तू सांगितलंस,” शीतल म्हणाली.

बायडाबाईने त्या सहीवरून बोट फिरवलं.

धनगरांची रीत तिला कुणी शिकवली नव्हती. ती तिच्या हाडातच होती. लांडगा आला की आरडायचं, कुत्री सोडायची, दगड मारायचे. राखायचं तेवढं जिवापाड राखायचं. पण एकदा का त्याने कोकरू तोंडात धरून ओढा ओलांडला, की हातातला दगड खाली टाकायचा आणि त्याचं खाऊन होईपर्यंत त्याच्याकडे पाठ करून बसायचं. ते कोकरू मग कधी मोजायचं नाही. गेलं म्हणायचं नाही, नेलं म्हणायचं नाही. ते त्याचंच होतं, आपण नुसतं वाढवलं. जो त्याचा घास मोजेल त्याच्या खांडीला उतरती कळा लागते, असं सगळेच मानत. त्यामुळे कुणी साहेब कागद घेऊन आला आणि लांडग्याने किती नेली असं विचारलं, की एकच उत्तर होतं. एकही नाही. त्यात कुणी खोटं बोलत नव्हतं.

“पन इचारायला तू आली हुतीस!” बायडाबाई ओरडली. “दुसरं कोन आसतं तर गोष्ट येगळी. तू माज्या शेजारी बसून पाठ केलीयास लांडग्याकडं. धा वर्साची आसताना. त्यानं लाल्या नावाचं कोकरू नेलं तवा रडत हुतीस, आन म्याच तुजं तोंड हिकडं फिरवलं. तुला ठावं नव्हतं?”

“ठावं हुतं.”

“मंग?”

“त्या दिवशी मी तुझी लेक म्हणून आले नव्हते, आये. मंडळाची माणूस म्हणून आले होते.” शीतलची भाषा बोलता बोलता शहरातली झाली. “तू सांगितलंस तेच लिहिलं. पुढं लांडग्यांच्या विष्ठेत लोकर सापडली. तीही ढिगाने. मी लिहिलं, मेलेली मेंढरं खाल्ली असतील. कारण शून्य आलं की सगळं सोपं होत होतं. मेंढ्या सुखी, लांडगे सुखी, मंजुरी लगेच. आता चार जिल्ह्यांत चालू आहे राखण.”

बायडाबाईने तिच्या कानफटात दिली.

आयुष्यात पहिल्यांदा. दोघीही त्या आवाजाने दचकल्या. वाघरीतल्या मेंढ्या एका बाजूला झाल्या. मग बायडाबाईने तोच हात कपाळावर मारून घेतला, कारण अकराव्या ओळीतली सही तिची स्वतःची होती.

गुरुवारी पंचायतीच्या सभागृहात बसायला जागा नव्हती. मंडळाचे उपसंचालक सामंत मधोमध बसले होते. माणूस गोड बोलणारा, आणि म्हणूनच बायडाबाईला जास्त चीड येत होती. दत्तू गिरणीवाला पायाला पट्टी बांधून पुढच्या खुर्चीत होता. सामंतांनी समजावून सांगितलं की लांडग्यांना माळावर पुरेसं अन्न असतानाही ते गावात आले, म्हणजे त्यांचं वागणं बिघडलं, आणि बिघडलेलं जनावर ठेवता येत नाही.

“आन्न कुठं हाय?” बायडाबाई उभी राहिली. “गवात उंच झालं तशी काळविटं माळ सोडून गेली. त्यास्नी आखूड गवात लागतं, आन आखूड करनारी मेंढरं तुमी रेघंच्या भाईर ठेवली. ऱ्हायला ससा. पाच लांडगं एका सश्यावर?”

“बाई, लांडगे मेंढ्यांवर अवलंबून नव्हते,” सामंत शांतपणे म्हणाले. “ही माहिती तुम्ही लोकांनीच दिली आहे. सही तुमचीच ना?”

“माजीच. चुकीची हाय. खरं आता सांगते, लिवून घ्या.”

मागून म्हाळू नानाचा आवाज आला. “बायडे, तोंड आवर! त्येचा घास मोजायचा न्हाय!”

“न मोजल्यानं तर उपाशी मेला की त्यो, नाना!”

तिने पदर कमरेला खोचला. समोर बिरोबा असता तर तिने आधी नाक घासलं असतं. इथे नुसती खुर्च्यांची रांग होती. तिने डोळे मिटले आणि पहिल्यांदाच, जे आयुष्यात कधी बोलायचं नाही ते बोलायला सुरुवात केली.

“पैल्या वर्सी पाच. आखाडात जुळं झालं, त्यातलं धाकलं. नवरात्रात काळ्या तोंडाची, दोन दातांची. दिवाळीच्या पाडव्याला एक लंगडी. मागनं दोन कोकरं एकाच दिवशी, म्या पाणी भराया गेली हुती. दुसऱ्या वर्सी चार. माज्या सासूच्या खांडीतली शेवटची म्हातारी. तिची नात. संक्रांतीला एक, पोटुशी हुती—” इथे तिचा आवाज फाटला. डोळ्यांतून पाणी येऊ लागलं आणि त्याचाही तिला राग आला. “तिसऱ्या वर्सीबी चार. तेरा. माजी तेरा नेली त्यानं. आन म्या एकाबद्दल बी त्याला शिवी दिली न्हाय!”

सभागृहात मग काठीचा आवाज झाला. म्हाळू नाना उभा राहत होता. त्याचा चेहरा रागाने काळा पडला होता, आणि तो बायडाबाईकडे बघत नव्हता.

“अठरा,” तो म्हणाला. “माजी अठरा. लिवा.”

त्याच्यामागून एकेक जण उठू लागला. कुणी बारा म्हणे, कुणी नऊ. काहीजण आकडा सांगून लगेच बाहेर पडले, थुंकायला किंवा रडायला.

“म्हणजे सात वर्षांपूर्वी तुम्ही सगळ्यांनी शासनाला खोटं सांगितलंत?” सामंतांचा गोडवा आता संपला होता.

“त्यांनी खोटं नाही सांगितलं,” शीतल म्हणाली. ती भिंतीला टेकून उभी होती. तिचा गाल अजून लाल होता, निदान बायडाबाईला तसा वाटला. “शून्याचा अर्थ मला माहीत होता, साहेब. मी याच तळांवर वाढलेय. मी तो लिहिला नाही. पाहणीवर माझी सही आहे, आराखड्यावरही माझीच आहे.”

पिंजरे एका हंगामासाठी थांबले. शीतलचं पद गेलं. नवीन माणूस येईपर्यंत कुसळ्या माळाचा आराखडा तेवढा तिने दुरुस्त करून द्यायचा होता.

ती दुरुस्ती तिने तळावर बसूनच केली. मायलेकी अजून नीट बोलत नव्हत्या. शीतलने एक्केचाळीस घरांचे आकडे संगणकात भरले. त्याने क्षणभर विचार केला आणि नवी रेघ दाखवली. ती आधीच्या रेघेपेक्षा दुप्पट लांब होती. माळाचा आणखी एक तुकडा मेंढ्यांना बंद.

“ह्ये काय?” बायडाबाई खेकसली.

“एवढं नुकसान बघून घाबरला त्यो. नुकसान कमी करायचं त्याला शिकवलंय.”

“नुकसान कुनी म्हनलं? सगळ्या सभेत येकानं तरी नुकसान म्हनलं का?” बायडाबाईने भाकरीच्या पिठाचे हात तसेच पडद्याला लावले. “ही कसली यादी?”

“खानाऱ्या तोंडांची.”

“मेंढी हाय, शेळी हाय, ससा बी हाय. लांडगा कुठाय?”

“त्यो धोक्याच्या यादीत.”

“काढ तिथनं. हितं घाल. तोंड त्यालाबी हाय. गवतातनं मेंढीला किती लागतं त्ये धरतीस ना, तसं मेंढरातनं त्याला किती लागतं त्ये धर. आन तेवढं त्याला मिळंल आशी रेघ आख.”

शीतल मग खाली मान घालून काम करू लागली. चुलीवरची दुसरी भाकरी होईपर्यंत पडद्यावरची रेघ हलली. ती ओढ्यापर्यंत मागे गेली आणि तिथे थांबली. माळाच्या पोटातलं गवत मेंढ्यांसाठी, पाळीपाळीने, मोकळं झालं.

फाल्गुनात बायडाबाईच्या मेंढ्या त्या गवतात होत्या. त्यांनी महिनाभरात ते इतकं आखूड केलं होतं की लांबवर पाच-सहा काळविटं परत दिसू लागली होती. सकाळचं ऊन कोवळं होतं. खांडीच्या मागे ठकी हे कोकरू बागडत होतं. ठकीची आई बाळंतपणात गेली होती, आणि बायडाबाईने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. ती बायडाबाईच्या घोंगड्यात झोपायची आणि हाक मारली की यायची.

कानतुटी बोरीच्या जाळीतून आली तेव्हा पट्टे वाजले नाहीत. आता त्यांना वाजायचं कारण नव्हतं.

बायडाबाई ओरडली. कुत्री सुटली. तिने दगड उचलला आणि नेम धरून मारला, तो कानतुटीच्या पाठीत बसला, दुसरा चुकला. ती धावली, लुगडं बोरीला अडकून फाटलं, तरी धावली. एकशे अकरा मेंढ्या सोडून त्या रांडेने ठकीच धरली होती. ठकी एकदा ओरडली. कानतुटी तिला घेऊन उतारावरून खाली गेली आणि ओढा ओलांडून पलीकडे चढली. तिथे गवतात तीन लहान डोकी वर आली.

बायडाबाईच्या हातात तिसरा दगड होता. तो टाकायला तिला फार वेळ लागला. मग ती ओढ्याकडे पाठ करून खाली बसली.

फोन वाजला.

“आये, एक पट्टा ओढ्यापल्याड थांबलाय. काय झालं?”

“खाल्लं!” बायडाबाई किंचाळली. “ठकीला खाल्लं माज्या! एवढी मेंढरं पडली हुती, तीच दिसली तिला! मरंना का ती मेली—” आणि बराच वेळ ती जे तोंडाला येईल ते बोलत राहिली. शीतलने तिला बोलू दिलं.

“लिहू का?” शेवटी शीतलने हळूच विचारलं.

“लिव. एक. नाव बी लिव, ठकी.” तिने पदराने नाक पुसलं. “आन त्यो पट्टा आनायला आज कुनी जायचं न्हाय. जेवत्याती ती.”

“बरं.”

“तुज्या त्या काचंवर दिसतंय का तुला त्ये?”

“दिसतंय, आये.”

“मंग तू बी पाठ कर.”